वाचनासाठी कोणती पाटी?

सुटीचे दिवस जवळ आले म्हणजे आमच्या धर्मग्रामातील आईबापांकडून एक प्रश्न हटकून येतो. मुलाला वाचनाची गोडी लागली आहे, घरात पुस्तके ठेवण्यास जागा नाही, आणि बेळगावच्या बाजारात हवे ते पुस्तक मिळेलच असा भरवसा नाही. तेव्हा त्यास टॅब्लेट घेऊन द्यावा, की केवळ पुस्तके वाचण्यासाठी निघालेला ई-रीडर? दोन्ही घेण्याची ऐपत थोड्याच घरांत असते. शिवाय अशी वस्तू एकदा घरात आली की ती पुष्कळ दिवस मुलाच्या हाती राहते आणि त्याच्या मनाला वळण लावते. म्हणून हा निर्णय केवळ दुकानदाराच्या सांगण्यावर सोडू नये, असे आम्हांस वाटते.

प्रथम दोहोंतील भेद समजून घेऊ. टॅब्लेटचा पडदा प्रकाश बाहेर फेकतो आणि तो थेट आपल्या डोळ्यांत येतो. ई-रीडरचे पान मात्र कागदाप्रमाणे बाहेरच्या उजेडात दिसते. त्याच्या पृष्ठभागाखाली अत्यंत सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पारदर्शक द्रव आणि त्यात परस्परविरुद्ध विद्युत्भाराचे काळे व पांढरे कण असतात. विजेच्या ओढीने काळे कण वर आले की तेथे अक्षराचा अंश उमटतो, पांढरे वर आले की कोरी जागा दिसते. एकदा उमटलेले पान तसेच राहते. वीज लागते ती मुख्यतः पान उलटताना. म्हणूनच एकदा विद्युत्भारित केलेला ई-रीडर कित्येक आठवडे चालतो आणि भर उन्हात अंगणात बसूनही वाचता येतो. ही ‘ई-शाई’ तयार करणारी कंपनी १९९७ साली अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठातील संशोधनातून जन्मास आली. २००४ साली सोनीने जपानात तिच्यावर चालणारे वाचनयंत्र विक्रीस आणले, २००७ साली अ‍ॅमेझॉनचा किंडल निघाला आणि २०१२ साली तो भारतात आला.

डोळ्यांइतकाच झोपेचाही प्रश्न आहे. बोस्टन येथील संशोधकांनी बारा जणांवर केलेला एक प्रयोग २०१४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. निजण्यापूर्वी काही तास प्रकाशमान पडद्यावर वाचणाऱ्यांना छापील पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा झोप उशिरा लागली आणि सकाळी त्यांना अधिक आळसावल्यासारखे वाटले. प्रयोग लहान होता हे खरे, पण रात्री उशिरापर्यंत पडद्यापुढे बसलेली आणि सकाळच्या मिस्सेला डुलक्या घेणारी मुले पाहणाऱ्यास त्याचे नवल वाटणार नाही. आजच्या बहुतेक ई-रीडरांतही दिवा असतो, परंतु त्याचा उजेड कडेने पानावर पडतो. तोही रात्री मंद ठेवणे इष्ट.

तथापि खरा भेद प्रकाशाचा नसून अवधानाचा आहे. संत ऑगस्टीन आपल्या ‘कन्फेशन्स’ या ग्रंथात मिलानचे महागुरू संत अँब्रोज यांच्या वाचनाचे वर्णन करतात. अँब्रोज मनातल्या मनात वाचीत, भेटीस आलेली माणसे त्यांना पाहून निमूट बसत आणि त्यांच्या एकाग्रतेचा भंग न करता निघून जात. टॅब्लेटवर येणारे पाहुणे इतके सुशील नसतात. मुलगा एका प्रकरणात रमला असता मित्राचा निरोप येतो, मागून क्रिकेटची धावसंख्या येते, आणि एखादा खेळ तर सदैव दाराशी उभाच असतो. दोष मुलाचा नव्हे. दहा कामे करणाऱ्या यंत्राने त्यास एकाच कामावर बसू द्यावे, ही अपेक्षाच अवघड आहे. ई-रीडर संथ आहे, बहुधा रंगहीन आहे, चलच्चित्रांना निरुपयोगी आहे. वाचकाच्या दृष्टीने हीच त्याची थोरवी होय.

टॅब्लेटचे गुणही नाकारता येत नाहीत. शाळा-महाविद्यालयांची पीडीएफ पुस्तके, नकाशे, रंगीत आकृत्या, लहानग्यांची चित्रमय पुस्तके त्यावरच शोभतात. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूर येथे प्रथम छापले गेले. अशा ग्रंथांच्या जुन्या आवृत्त्या छायाचित्ररूपाने वाचावयाच्या असतील, तर ई-रीडरच्या सहा इंची पानावर अक्षरे मुंगीएवढी दिसतात. मराठी पुस्तके किंडलवर २०१६ पासून मिळू लागली, तरी काही प्रकाशकांची पुस्तके त्यांच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्येच उघडतात आणि ती अ‍ॅपे सर्व ई-रीडरांवर चालत नाहीत. म्हणून विकत घेण्यापूर्वी मुलास हवी असलेली चार पुस्तके त्या यंत्रावर मिळतात काय, एवढे अवश्य पाहावे. घरातील वृद्धांसाठी मात्र दोन्ही यंत्रे उपकारक आहेत, कारण अक्षर हवे तेवढे मोठे करता येते.

आणखी एक सावधगिरी. २००९ साली हक्कांचा वाद निघताच अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांची विकलेली पुस्तके ग्राहकांच्या किंडलवरून दुरूनच काढून घेतली. पैसे परत मिळाले, कंपनीच्या प्रमुखांनी क्षमाही मागितली, पण फळीवरील पुस्तक असे रात्रीतून नाहीसे होत नाही. म्हणून जे ग्रंथ जन्मभर जवळ असावेत, विशेषतः पवित्र शास्त्र व प्रार्थनापुस्तक, ते घरात छापीलच असू द्यावेत.

ख्रिस्तसभेस नव्या साधनांचे वावडे नाही. आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनीच गुंडाळीऐवजी पानांच्या पुस्तकाचा उत्साहाने स्वीकार केला होता. परंतु कोणते साधन कोठे शोभते याचा विवेक तिने राखला आहे. २०१२ साली न्यूझीलंडच्या महागुरूंनी मिस्सेच्या वेदीवर छापील ग्रंथाऐवजी टॅब्लेट वापरू नये असे सांगितले. अभ्यासासाठी मात्र त्याची उपयुक्तता त्यांनी मान्य केली.

आता आमचा सल्ला. कथा, कादंबऱ्या, संतचरित्रे असे सलग वाचन हा हेतू असेल तर ई-रीडर घ्यावा. तो स्वस्तातला असला तरी चालेल. अभ्यास हा मुख्य हेतू असेल तर टॅब्लेट घ्यावा. घरात टॅब्लेट आधीच असेल तर केवळ हौसेपायी दुसरे यंत्र घेऊ नये. वाचनाच्या वेळी त्यावरील सूचना बंद कराव्यात, तो बैठकीच्या खोलीत वापरावा, आणि संध्याकाळच्या जपमाळेनंतर तो कपाटात ठेवून घरातील सर्वांनी, वडीलधाऱ्यांनीसुद्धा, अर्धा तास वाचीत बसावे. बाप फोनमध्ये मान खुपसून बसला असता मुलास वाचनाचा उपदेश करण्यात अर्थ नाही. ज्यांना यापैकी काहीच घेणे परवडत नाही, त्यांनी खंत करू नये. आपल्या धर्मग्रामाच्या ग्रंथालयातील कपाट रविवारी मिस्सेनंतर उघडे असते, आणि तेथील पुस्तकांना वीज लागत नाही.