नोंदवही कुणाच्या नावावर?



गंजगोलाईच्या मागच्या बाजूला एका भाड्याच्या खोलीत पाच मुले-मुली सॉफ्टवेअरचे काम करीत होती. आमच्या ओळखीची मुले. एकाचे वडील आडतीवर हमाल, एकीची आई अंगणवाडीत मदतनीस. लातुरात शिकवणी वर्गांना तोटा नाही. अशाच एका वर्गाची हजेरी आणि फीचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम त्यांनी लिहायला घेतला होता. काम निम्म्यावर आले, तेव्हा पाचातला एक पुण्याला नोकरीला गेला आणि आठ दिवसांत खोलीत रडारड झाली.

कोड ठेवायचे इंटरनेटवरचे खाते त्याच्या एकट्याच्या नावावर होते. सगळे त्याच एका खात्याने आत शिरत. प्रवासात त्याचा मोबाईल चोरीला गेला. आत शिरताना लागणारा आकडा देणारे ॲप त्याच मोबाईलमध्ये होते. सिम दुसरे मिळाले, पण ॲपमधली किल्ली मिळाली नाही. त्यालाही दार बंद आणि या चौघांनाही. मुलगा वाईट नव्हे. बिचारा रात्री फोन करून माफी मागत होता.

ही सेवा म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना तलाठ्याच्या फेरफार नोंदवहीवरून चटकन कळेल. जमीन दुसऱ्याच्या नावे झाली तर जुने नाव खोडून टाकीत नाहीत, त्याला कंस करतात. कोणती नोंद कधी आणि कशावरून झाली, हे वीस वर्षांनीही काढता येते. प्रोग्रामचेही असेच असते. कुणी कोणती ओळ बदलली, कधी बदलली, का बदलली, हे सारे नोंदवायला लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 साली 'गिट' तयार केले. त्यामागची हकिकत ऐकण्यासारखी आहे. लिनक्सची मंडळी त्याआधी 'बिटकीपर' नावाचे एका कंपनीचे साधन फुकट वापरीत होती. कंपनीने 2005 मध्ये ती सवलत काढून घेतली, म्हणून गिट लिहावे लागले. फुकट ते पौष्टिक म्हणतात, पण ते कधी बंद होईल हे देणाऱ्याच्या हाती.

गिटची खुबी अशी की, नोंदवही एकट्या तलाठ्याकडे राहत नाही. कामाची प्रत उतरवून घेणाऱ्या प्रत्येकाच्या संगणकात त्या वेळेपर्यंतचा सगळा इतिहास येतो. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, तसे. आमच्या मुलांचा कोड यामुळेच वाचला. अंगणवाडीताईंच्या मुलीच्या संगणकात आदल्या दिवशीपर्यंतची प्रत होती. पण ग्राहकाच्या तक्रारींची यादी, कोण काय करणार याची वाटणी, त्यावरची चर्चा, हे गिटमध्ये नसते. ते त्या सेवेच्या कचेरीत असते. ते सगळे अडकले. वर्गाच्या सरांकडे जाऊन तक्रारी पुन्हा विचारताना मुलांना मान खाली घालावी लागली.

तेव्हा आता सेवा कोणती घ्यावी, असे विचारायला मुले आमच्याकडे आली. गिटहब घ्यावे की गिटलॅब, की बिटबकेट? मुलांना वाटले, आम्ही एक नाव सांगू. आम्ही आधी घडलेल्या गोष्टी सांगितल्या.

'कोड स्पेसेस' नावाची अशीच सेवा देणारी कंपनी होती. जून 2014 मध्ये कुणीतरी तिच्या भाड्याच्या सर्व्हरचा ताबा मिळवून खंडणी मागितली आणि माहितीबरोबर राखीव प्रतीही पुसल्या. कंपनीच बंद पडली. धान्य आणि बियाणे एकाच कणगीत, दुसरे काय? 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅबच्या एका कर्मचाऱ्याच्या हातून चुकून मुख्य माहितीसाठा पुसला गेला. राखीव प्रतीची व्यवस्था ऐन वेळी कामाला आली नाही. सुदैवाने सहा तासांपूर्वी काढलेली एक प्रत सापडली. लोकांचा कोड सुरक्षित राहिला, त्या सहा तासांतल्या नोंदी आणि चर्चा गेल्या. गिटलॅबने हे लपवले नाही, सर्वांसमोर सांगितले, हे आम्हाला मोठे वाटते. गूगलसारख्या धनाढ्य कंपनीनेही आपली 'गूगल कोड' ही सेवा 2016 च्या जानेवारीत बंद केली. आणि आपल्याच देशात डिसेंबर 2014 च्या अखेरीस सरकारी आदेशाने जी संकेतस्थळे काही दिवस अडवली गेली, त्यांत गिटहबही होते.

स्वतःचाच सर्व्हर ठेवू, असे एक मुलगा म्हणाला. 'गिटी' किंवा 'फोर्जेओ' फुकट मिळते आणि साध्या संगणकावरही चालते, हे खरे. पण वीज गेली तर? रात्री बिघडले तर उठणार कोण? चौघांच्या खोलीत हे ओझे आम्हाला पटले नाही. जर्मनीतली 'कोडबर्ग' ही संस्था नफ्यासाठी चालत नाही, पण ती खुल्या कोडासाठी आहे. वर्गाच्या फीचा प्रोग्राम तिथे शोभत नाही.

खर्चाचे म्हणाल तर गिटहबने एप्रिल 2020 पासून खासगी कामालाही कितीही माणसे फुकट जोडायची मुभा दिली. गिटलॅब आणि बिटबकेटच्या फुकट योजनेत खासगी कामाला पाच माणसांची मर्यादा आहे. चौघांना तिन्ही चालतात. म्हणून आम्ही मुलांना नावापेक्षा दोनच गोष्टी पाहायला लावल्या: खाते कुणाच्या नावावर राहील, आणि उद्या निघायचे झाले तर बिऱ्हाड उचलता येईल का.

मुलांनी गिटहबच घेतले, कारण पुढे नोकरीच्या मुलाखतीत तेच विचारतात. मात्र आता खाते संस्थेचे आहे, प्रत्येकजण आपापल्या नावाने आत शिरतो, आणि मालक म्हणून दोघांची नावे आहेत. दुसरी प्रत गिटलॅबवर जाते. दर शनिवारी एक प्रत पेनड्राइव्हवर काढतात आणि दुसऱ्या संगणकावर उघडूनही पाहतात. तक्रारींची यादी कोडासोबतच साध्या फाईलमध्ये लिहितात.

मोबाईल हरवला तर वापरायचे आकडे त्यांनी छापून घेतले. तो कागद अंगणवाडीताईंच्या ट्रंकेत, मुलीच्या जातीच्या दाखल्याच्या प्लास्टिक पिशवीत आहे. ताईंनी विचारले, "हा कशाचा कागद गं?" मुलगी म्हणाली, "आमच्या कामाचा." त्यांनी पिशवीला दोन गाठी मारल्या.