‘देव बघून घेईल’ म्हणजे नेमकं कोण बघून घेणार?

घरातला कर्ता माणूस गेला की सांत्वनाला येणारे बहुतेक जण एकच वाक्य ठेवून जातात. “देवावर भरवसा ठेव. ज्यानं चोच दिली, तो चाराही देईल.” बोलणाऱ्याचं मन वाईट नसतं, त्याला दुसरं काही सुचत नसतं. पण हे वाक्य त्या घराचं नेमकं काय करतं, हे एकदा तपासायला हवं. आणि तपासायचंच तर सर्वांत अवघड ठिकाणी तपासू : गटारात गुदमरून मेलेल्या सफाई कामगाराच्या घरी.

तो मेला कसा? मुकादमानं झाकण उघडलं, कमरेला दोरी बांधली आणि त्याला खाली सोडलं. आत हायड्रोजन सल्फाइड साचलेला होता. या वायूला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास येणं थांबतं. माणसाला वाटतं, आता धोका टळला. म्हणूनच त्याला वाचवायला उतरणारा दुसरा मरतो, कधी तिसराही मरतो. यात देवाची मर्जी कुठे आली? वायू मोजायचं यंत्र कुणी आणलं नाही, श्वसनाचं साधन कुणी दिलं नाही, मशीन मागवायचे पैसे कुणी वाचवले. या प्रत्येक ‘कुणी’ला नाव आहे, पत्ता आहे, कंत्राटावर सही आहे.

कायदाही आहे. सुरक्षा साधनांशिवाय कुणालाही गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं, थेट असो वा ठेकेदारामार्फत, 2013 च्या कायद्यानं गुन्हा आहे. 27 मार्च 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयानं 1993 पासूनच्या अशा प्रत्येक मृत्यूसाठी कुटुंबाला 10 लाख रुपये द्यायला सांगितलं. 20 ऑक्टोबर 2023 च्या निकालात ही रक्कम 30 लाख झाली, शिवाय वारसाला काम आणि मुलांना शिक्षण हेही पुनर्वसनात आलं. म्हणजे चारा कुणी द्यायचा, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं लिहून ठेवलं आहे. त्यात देवाचं नाव नाही. शासनाचं आहे, स्थानिक संस्थेचं आहे.

आता पाहा. पोलीस कागदावर ‘अकस्मात मृत्यू’ लिहितात. शेजारी ‘देवाची मर्जी’ म्हणतात. दोन्हींचा अर्थ एकच : या प्रकरणात आरोपी नाही. ठेकेदाराला आणखी काय हवं? माणसाचं दैन्य पूर्वजन्मीच्या कर्माच्या माथी मारणाऱ्या सिद्धांताचा हिशेब बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये नेमका मांडला आहे. गरिबांच्या अवस्थेची जबाबदारी समाजाला आणि राज्याला झटकता यावी, हाच त्याचा उपयोग. देवावरच्या भरवशाचाही तोच उपयोग होतो. विधवा वाट पाहत राहते आणि तेवढ्यात साक्षीदार फिरतात, कागद गहाळ होतात, मुलगा तोच बापाचा झाडू हातात घेतो.

कुणी म्हणेल, “गरिबाकडे श्रद्धेशिवाय आहेच काय? तेवढा आधारही काढून घेता?” प्रश्न खरा आहे, त्याला टिंगलीनं उत्तर देऊ नये. दुःख काय असतं हे बाबासाहेबांना कुणी शिकवायची गरज नव्हती. चार लेकरं लहानपणीच गेली. 27 मे 1935 रोजी माता रमाई गेल्या. त्यानंतर पाच महिनेही झाले नव्हते, तेव्हा 13 ऑक्टोबरला ते येवल्यात उभे राहिले आणि हिंदू म्हणून मरणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं.

आणि तथागतांनी काय केलं? मेलेलं मूल कवटाळून आलेल्या किसा गौतमीला त्यांनी चमत्काराचं आश्वासन दिलं नाही. जिथे कुणीच मेलं नाही अशा घरातून मोहरी आण, म्हणाले. ती दारोदार फिरली. प्रत्येक दारात तिला मरणाची हकीकत भेटली आणि माणूसही भेटला. तिचं भान परत आलं ते या माणसांमध्ये.

मित्रांनो, आता आपल्याकडे वळतो. देव नाकारून आपलं काम संपतं का? वस्तीत कुणी गेलं की आपण पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम करतो. त्रिसरण-पंचशील होतं, भाषणं होतात, जेवण होतं, गाड्या निघून जातात. दुसऱ्या दिवशी त्या बाईसोबत पोलीस ठाण्यात कोण जातं? कुणीच जात नसेल, तर ती बुवाकडे जाईल, नवस बोलेल. मग तिला अंधश्रद्धाळू म्हणायचा अधिकार आपल्याला उरतो का? बावीस प्रतिज्ञा म्हणून देवाची जागा आपण रिकामी केली. त्या जागी माणसं उभी करायची होती, ती केली का? फोटोला हार घालून “बाबासाहेब बघतील” म्हणणं हीसुद्धा त्याच चाऱ्याची वाट आहे. बुद्ध मोक्षदाता नाही, मार्गदाता आहे, हे बाबासाहेबांनीच सांगितलं. मार्गावर चालावं आपल्यालाच लागतं.

म्हणून प्रत्येक विहारात चार तरुण यासाठी तयार हवेत. गुन्हा नोंदवून घ्यायचा, त्याची प्रत घ्यायची. शवविच्छेदनाचा अहवाल मिळवायचा. तो कुणाच्या कामावर होता याचे साक्षीदार आणि फोटो त्याच दिवशी जमवायचे. जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि जिल्हा दक्षता समितीकडे अर्ज द्यायचा, पोच घ्यायची. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचं. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि कोणत्याही स्त्रीला तिथे मोफत वकील मिळतो. पैसे हाती येईपर्यंत त्या घरचं रेशन आणि मुलांची फी वस्तीनं उचलायची.

पुढच्या वेळी सांत्वनाला जाल, तेव्हा “देव बघून घेईल” म्हणू नका. “ताई, उद्या दहा वाजता येतो, कागद काढून ठेवा,” म्हणा. आणि दहाला जा.

जय भीम!