नवा रस्ता पुरे, आहे तो सांभाळा

छत्रपती संभाजीनगरहून फुलंब्री, सिल्लोड, अजिंठामार्गे जळगावला जाणाऱ्या महामार्गाने या भागातल्या माणसांचा कित्येक वर्षे अंत पाहिला. चौपदरीकरणासाठी जुना रस्ता उखडला गेला, काम मध्येच रखडले आणि पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात धुरळा हेच या रस्त्याचे रूप झाले. १९८३ मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंदल्या गेलेल्या अजिंठा लेण्यांकडे निघालेल्या पर्यटकांचे हाल झाले, त्याची बातमी देशभर झाली. संभाजीनगरच्या दवाखान्यात न्यायच्या गरोदर बाईचे आणि मिरचीच्या गाड्यांचे हाल मात्र इथल्या लोकांपुरतेच राहिले. काम लांबले याहूनही मोठी चूक अशी की, नवा रस्ता होईपर्यंत जुना चालता ठेवणे ही कुणाची तरी रोजची जबाबदारी आहे, हे कुणी मानलेच नाही. सिल्लोड शहरातल्या रस्त्यांचे दुखणेही नेमके हेच आहे. नारळ फुटतो तो नव्या कामाचा. पुढची दहा वर्षे त्या कामाकडे कोणी पाहायचे, हे कागदावर ठरलेले नसते.

आपली जमीन काळी, कापसाची. पाणी पिऊन ती फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. असल्या मातीवरचा रस्ता वरून कितीही गुळगुळीत केला तरी त्याचे आयुष्य कडेची नाली ठरवते. नाली गाळाने भरली की पाणी रस्त्याच्या कडेला तुंबते, मुरमात शिरते, खालचा थर भुसभुशीत होतो आणि वरचे डांबर गाडीच्या चाकाखाली आधी तडकते, मग खचते. त्यानंतर ट्रॅक्टरभर खडी-डांबर ओतून फावड्याने थोपटले जाते. खरे तर खड्ड्याच्या कडा चौकोनी कापायला हव्यात, आतले पाणी आणि माती काढायला हवी, तळाला व कडांना डांबराचा हात द्यायला हवा, मग थराथराने भरून रोलरने दाबायला हवे. यातले काहीच न करता ओल्या खड्ड्यात टाकलेला माल पुढच्या जोराच्या पावसात वाहून जातो आणि मोकळी झालेली खडी दुचाकीस्वाराला पाडते. म्हणून मे महिन्यातली नालेसफाई ही रस्तादुरुस्तीचीच पहिली पायरी आहे. तिचा खर्च डांबराच्या नव्या थरापुढे किरकोळ असतो.

यावर हमखास मिळणारे उत्तर म्हणजे सिमेंट रस्ता. एकदा काँक्रीट केले की कटकट मिटली, असे सांगितले जाते. चांगल्या पायावरचे काँक्रीट टिकते, हे खरेच आहे. पण जलवाहिनी, नळजोडणी, केबल यांची कामे आधी न उरकता केलेला सिमेंट रस्ता लवकरच फोडला जातो आणि फोडलेला पट्टा पूर्वीसारखा कधीच सांधला जात नाही. शिवाय जुना थर न खोदता त्यावर नवा चढवत गेले की रस्ता घरांच्या जोत्यांपेक्षा उंच होतो आणि पाणी ओसरीत येते. गल्लीतले पाणी कुठे जाणार, हे ठरवल्याशिवाय काँक्रीट ओतणे म्हणजे एकाचा प्रश्न दुसऱ्याच्या दारात ढकलणे.

चालणाऱ्या माणसाचा तर हिशेबच नाही. २०११ च्या जनगणनेत सुमारे ५८ हजार लोकसंख्या असलेल्या सिल्लोडमध्ये शाळा, बाजार, बसस्थानक ही सगळी अंतरे पायी जाण्याजोगी आहेत. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पदपथ हा घटनेच्या २१व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषानुसार पदपथाची चालण्याजोगी मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी. दुकानाच्या पायऱ्या, फलक, उभ्या दुचाक्या आणि उघडी नाली यांतून वाट काढणाऱ्या शाळकरी मुलीला ती जागा आज मिळते का? पदपथ मोकळे केले तर हातगाडीवाल्यांनी कुठे जायचे, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. २०१४ चा पथविक्रेता कायदा त्यासाठीच आहे. विक्रेत्यांचे सर्वेक्षण करून, त्यांचेही प्रतिनिधी असलेल्या समितीशी बोलून जागा आखून द्यायच्या असतात. तसे केल्यास पोट आणि पायवाट दोन्ही सांभाळता येतात. सणाच्या तोंडावर अचानक अतिक्रमण हटाव करून भाजीवाल्याची गाडी उचलणे आणि पक्क्या पायऱ्यांना हात न लावणे, हा न्याय नव्हे.

पैसे कुठून आणायचे, हा आक्षेप सर्वांत वजनदार. नगर परिषदेचे स्वतःचे उत्पन्न तोकडे, मोठा निधी राज्याकडून येतो आणि तो येतो नव्या कामांच्या नावाने. पण कंत्राटदाराने दोषदायित्वाच्या काळात, म्हणजे काम संपल्यानंतरच्या ठरलेल्या मुदतीत, स्वखर्चाने दुरुस्ती करायची असते. ती करून घ्यायला पैसे लागत नाहीत, तारीख लक्षात ठेवणारी नोंदवही लागते. कोणता रस्ता कधी झाला, कोणी केला, मुदत कधी संपते, कोणत्या परवानगीने तो खोदला, हे प्रत्येक रस्त्यापुढे लिहिलेले हवे. आणि दुर्लक्षही आता फुकट राहिलेले नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे व उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. हा पैसा जबाबदार अधिकारी व कंत्राटदारांकडून वसूल करावा, असेही बजावले. शहरातला महामार्गाचा तुकडा आपल्या अखत्यारीत नाही, असे नगर परिषद सांगू शकते. तरी कडेची नाली कोणाची आणि खड्डा कोणी बुजवायचा, हे महामार्ग यंत्रणेशी लेखी ठरवून घेण्यापासून तिला कोणी अडवलेले नाही.

येत्या अंदाजपत्रकात नगर परिषदेने देखभालीसाठी स्वतंत्र रक्कम राखावी आणि ती नव्या कामाकडे वळवू नये. नोंदवही प्रभागवार जाहीर करावी. नागरिकांनीही आपल्या गल्लीत रस्त्याचा शुभारंभ होईल त्या दिवशी दोन गोष्टी विचाराव्यात: पाणी कुठे जाणार, आणि या रस्त्याच्या दोषदायित्वाची मुदत कोणत्या तारखेपर्यंत आहे.