दुष्यंताला सगळं आठवत होतं

शुक्रवारी कँटीनमध्ये 'ती फुलराणी'वरून जुंपली. एका मित्राने नेहमीचं अस्त्र काढलं, "कसलं पु.ल. घेऊन बसलास? शॉचं 'पिग्मॅलियन' ढापलंय नुसतं. आपल्या लोकांना ओरिजिनल काही जमतच नाही." चौघांनी माना डोलावल्या. माझा चहा निवला, डोकं मात्र तापलं.

अरे बाबांनो, शॉला तरी ते कुठे आभाळातून मिळालं होतं? पिग्मॅलियनची गोष्ट दोन हजार वर्षांपूर्वी ओव्हिड नावाच्या रोमन कवीने सांगून ठेवलीये. आणि १९७५ साली पु.लं.नी आपल्या नाटकाला नाव दिलं ते बालकवींच्या कवितेची आठवण करून देणारं. हे सगळं उघड्यावर चाललंय. ह्याला ढापणं म्हणत नाहीत.

आपण दिवसभर दुसऱ्याच्या कोडवर कोड चढवतो. रिव्ह्यूला बसलो की 'हे मूळ कुणाचं?' विचारत बसत नाही, डिफ उघडतो. कुठली ओळ उडवली, कुठली घातली, का घातली? पुस्तकांच्या बाबतीत मात्र आपण 'कॉपी की ओरिजिनल' एवढ्यावर निकाल देऊन मोकळे. खरी गंमत, आणि खरी भानगडसुद्धा, डिफमध्ये असते.

शाकुंतलच घ्या. दुर्वासाचा शाप, हरवलेली अंगठी, माशाच्या पोटातून तिचं परत मिळणं. शंभरातल्या नव्वदांना हीच 'मूळ' गोष्ट वाटते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'संगीत शाकुंतल' उभं केलं तेही ह्याच कथेवर. पण कालिदास स्वतःच रीमेकवाला! गोष्ट त्याच्या आधीची, महाभारताच्या आदिपर्वातली. तिथे शापही नाही आणि अंगठीही नाही. तिथली शकुंतला लग्नाआधीच अट घालते, माझाच मुलगा युवराज होईल. राजा कबूल करतो. पुढे ती मुलाला घेऊन दरबारात येते तेव्हा त्याला सगळं आठवत असतं. तरी तो म्हणतो, मी तुला ओळखत नाही. वर तिचं कुळ काढतो. ती भर सभेत त्याला धडाधड सुनावते. शेवटी आकाशवाणी होते, तेव्हा साहेब कबूल करतात की मला माहीत होतं, पण लोक काय म्हणाले असते!

आता डिफ बघा. कालिदासाने शाप घातला आणि राजा सुटला. दोष गेला दुर्वासाकडे, आणि थोडा शकुंतलेकडे, कारण प्रियकराच्या विचारात हरवून पाहुण्याकडे लक्ष दिलं नाही ना तिने. नाटक म्हणून ते थोरच आहे. विसर नसता तर राजाचा तो पश्चात्ताप आपल्याला कुठून मिळाला असता? पण त्याची किंमत कुणी मोजली, हे विचारायला नको?

हे मला का लागतं ते सांगतो. माझ्या मावशीला नवऱ्याने टाकलं. त्याने दुसरा संसार थाटला. घरातली मोठी माणसं वर्षानुवर्षं तिला एकच सांगत राहिली, "त्याच्यावर कुणीतरी करणी केलीये गं, नाहीतर तो असा नव्हता." गेल्या दिवाळीत तिला आदिपर्वाचं मराठी भाषांतर नेऊन दिलं. तीन दिवसांनी फोन आला.

"अरे, ह्याला तर सगळं आठवत होतं!"

"हो."

"मग आम्हाला ते शापाचं का शिकवलं रे?"

मला उत्तर देता आलं नाही. दुसरी आवृत्ती पहिलीच्या जागी इतकी घट्ट बसते की पहिली होती हेच आपण विसरतो. आणि हा विसर काही दुर्वासाने दिलेला नाही. आपण वाचत नाही, एवढंच.

म्हणून जुन्यावरून नवं लिहिणाऱ्यांना चोर म्हणणं आधी बंद करा. आणि त्यांना फुकट सोडूही नका. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवा आणि बघा, कोण सुटलं आणि कोण अडकलं.

असो. सोमवारी कँटीनमध्ये आदिपर्व घेऊन जाणार आहे. मित्राला म्हणावं, घे, आता कालिदासालाही चोर म्हणून दाखव.