सेवेशी संबंध नाही

मा. संरक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

महोदय,

माझ्या यजमानांच्या मेडिकल बोर्डाच्या कागदावर दोन नोंदी आहेत. वरची म्हणते, अपंगत्व ४० टक्के, आजन्म. खालची म्हणते, हा मानसिक आजार सैनिकी सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही. कारणं लिहायची जागा कोरी आहे. २०१२ पासून मी त्या कोऱ्या जागेसाठी भांडते आहे. ज्या कार्यालयाकडे पहिलं अपील केलं, तिथून चौदा महिन्यांनी एका ओळीत नकार आला. दुसऱ्या अपिलाला पोचसुद्धा नाही. म्हणून आता हे पत्र उघड्यावर.

हे २००३ साली भरती झाले तेव्हा लष्करी डॉक्टरांनीच तपासलं होतं. छाती मोजली, दात मोजले, कानात बॅटरी धरून पाहिलं आणि शिक्का मारला. आपल्या ‘शेप’ श्रेणीतलं पहिलं अक्षर ‘एस’ म्हणजे मन. तिथे ह्यांच्यापुढे ‘एक’ हा आकडा होता, म्हणजे निरोगी. साडेनऊ वर्षांत दोनदा काश्मिरातलं कुपवाडा आणि एकदा आसाम झालं, आणि त्या एकाचा पाच झाला. बोर्डापुढे ह्यांना विचारलं, घराण्यात कुणी वेडं होतं का? घराण्यात कुणी वेडं नव्हतं, साहेब. घराण्यात कुणी कुपवाड्यालाही गेलं नव्हतं.

आमचं घर पावस रस्त्याला, कलमांच्या बागांमध्ये. कैरी धरली की वांदर उतरतात आणि शेजारच्या बागेतला राखणदार सुतळी बॉम्ब लावतो. त्याला बोल लावून उपयोग नाही, वांदरांचा कळप एका सकाळी अख्खं कलम ओरबाडून टाकतो. पण आवाज झाला की आमचे हे गडग्याआड पालथे पडतात. मुलगा सहा वर्षांचा असताना ह्यांनी त्याला मानेला धरून असं खाली दाबलं, की चिऱ्याने त्याचा गाल सोलवटला. पोर रडत होतं आणि हे गवत चाचपत कुणाचं तरी नाव घेऊन हाका मारत होते. ते नाव आमच्या वाडीत कुणाचंच नाही. त्या माणसाला ह्यांनी पाठीवर घालून खाली आणलं होतं आणि तो वाटेतच गेला, हे मला पलटणीतल्या एका सोबत्याने फोनवर सांगितलं. ह्यांनी आजवर सांगितलेलं नाही.

गावाने म्हटलं, बाहेरचं झालंय. दोन वर्षं नारळ आणि कोंबडे झाले. कुणी म्हटलं, पळून आलाय. शेवटी मीच ह्यांना रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात नेलं. १८८६ सालचं हे इस्पितळ, ३६५ खाटांचं. औषधं तिथूनच चालू आहेत आणि तिथल्या कुणीही आम्हाला वाईट वागणूक दिलेली नाही. पण सैनिकाच्या मनाची जखम कुठली असते हे तिथल्या डॉक्टरांना मी सांगायचं, मी, एका अंगणवाडी सेविकेने, हे कसलं नियोजन?

पेन्शन नाही. अपंगत्व सेवेशी जोडलेलं नसेल तर इनव्हॅलिड पेन्शनला दहा वर्षं लागत होती, ह्यांची सहा महिन्यांनी कमी भरली. एकदाच ग्रॅच्युइटी मिळाली, ती छपराच्या कौलांत आणि कर्जात गेली. जुलै २०२० मध्ये आपल्या मंत्रालयाने दहा वर्षांची अट काढली तेव्हा मी पेपर हातात घेऊन रडले होते. खाली वाचलं तर ४ जानेवारी २०१९ रोजी किंवा नंतर सेवेत असलेल्यांनाच लागू. त्याआधी ज्यांची मनं मोडली त्यांना पोटं नव्हती का?

आणि कायदा आमच्या बाजूचा आहे, हे सगळ्यांत जास्त जाळतं. सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग प्रकरणात जुलै २०१३ मध्ये स्वच्छ सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेतच झाला असं धरायचं. उलट सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, संशयाचा फायदा जवानाचा. डिसेंबर २०१४ मध्ये त्याच न्यायालयाने अपंगत्व पेन्शनविरुद्धची सरकारची जवळपास ८८० अपिलं एकदम फेटाळली. २०१५ मध्ये गोव्याचे मनोहर पर्रीकर आपल्या खुर्चीवर होते, त्यांनी पाच जणांची समिती नेमली. तिने ७५ शिफारशी दिल्या, आणि अपंग जवानांना कोर्टात खेचणं थांबवा हे त्यात ठळकपणे होतं. मार्च २०२५ मध्ये सेवेत मधुमेह जडलेल्या एका निवृत्त सुभेदाराविरुद्ध आपलं सरकार दिल्ली उच्च न्यायालयात उभं होतं आणि हरलं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्किझोफ्रेनियामुळे घरी पाठवलेल्या जवानाच्या बाजूने निकाल देताना म्हटलं की बोर्डाने कारणं लिहिलीच पाहिजेत. तो १९९८ ला सुटला होता. सत्तावीस वर्षं! बारा वर्षांत इतक्या वेळा हरूनही प्रत्येक जवानाला पुन्हा पहिल्या पायरीवर उभं करायचं, ह्याला मी छळ म्हणते. सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं आमचं खंडपीठ मुंबईला आहे, सव्वातीनशे किलोमीटरवर. ह्यांना गर्दीच्या डब्यात बसवता येत नाही आणि घरी एकटं ठेवता येत नाही. तारखेला जायचं कुणी?

कॅगच्या २०२३ च्या अहवालात २०१५-१६ ते २०१९-२० चे आकडे आहेत. निवृत्त होणाऱ्या दर शंभर अधिकाऱ्यांत ३६ ते ४० जणांना अपंगत्व पेन्शन मिळाली, दर शंभर जवानांत १५ ते १८ जणांना. चौकीवर रात्र काढणारा जवान अधिकाऱ्याहून निम्म्याने कमी आजारी पडतो, हे कुणी मला समजावून द्यावं.

ह्या जिल्ह्याने काय कमी दिलं? दापोली कॅम्पात पेन्शनर शिपायांची वस्तीच होती. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ निवृत्त होऊन तिथेच आले. पहिल्या महायुद्धात कूट-अल-अमाराच्या वेढ्यात मराठा पलटणी १४७ दिवस उपाशी लढल्या, त्या पलटणींत कोकणातली पोरं होती. मनाने मोडून परतलेल्यांचं काय झालं, हे कुठल्या गॅझेटियरात नाही. तेव्हा राज्य परक्याचं होतं. आज कुणाचं आहे?

जुलै २०२२ मध्ये राज्यसभेत आपल्याच मंत्रालयाने सांगितलं की पाच वर्षांत ८१९ जणांनी आत्महत्या केली. लष्करात ६४२, हवाई दलात १४८, नौदलात २९. ऑक्टोबर २०२३ मध्ये लष्कराने निवेदन काढलं की २००१ पासून दरवर्षी सरासरी १०० ते १४० जवान असे जातात आणि १९६७ च्या आदेशानुसार त्यांना लष्करी इतमाम मिळत नाही. पहिल्या महायुद्धात भित्रे आणि पळपुटे म्हणून गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटनने २००६ मध्ये माफी दिली. युद्धभूमीवर आत्महत्या केलेल्या सैनिकांच्या घरी शोकपत्र न पाठवण्याची प्रथा अमेरिकेने २०११ मध्ये मोडली. आपला १९६७ चा कागद मात्र हलत नाही. रात्री ह्यांचं अंथरूण रिकामं दिसलं की मी आधी विहिरीकडे धावते. त्या धावण्यातसुद्धा डोक्यात येतं, गेलेच तर तिरंगा मिळणार नाही. बायकोच्या डोक्यात असला विचार येतो, हे लिहितानाही मला शरम वाटते. ती माझ्या एकटीची असू नये.

आता ज्यासाठी बसले ते लिहिते. मुलगा साडेसतरा वर्षांचा झाला. पहाटे भाट्याच्या वाळूत सोळाशे मीटर धावतो, येऊन बापाला वेळ सांगतो, आणि तेवढ्यापुरते ह्यांचे डोळे जागे होतात. त्याला अग्निवीर व्हायचंय. चार वर्षं, नंतर शंभरातले फार तर पंचवीस ठेवणार. अपंगत्व आलं तर प्रमाणाप्रमाणे १५, २५ किंवा ४४ लाख, पण ते सेवेमुळे आलेलं असेल तरच. पुन्हा तीच ओळ.

बोर्डाने कारणं लिहिल्याशिवाय ‘सेवेशी संबंध नाही’ हा शेरा चालणार नाही, असा आदेश काढा. जे जवान जुन्या शेऱ्यांवर घरी बसलेत त्यांच्या फायली आपणहून उघडा, आम्हाला मुंबई-दिल्ली करायला लावू नका. कोर्टातली अपिलं मागे घ्या. १९६७ चा आदेश रद्द करा.

मुलगा अठराच्या आतला असल्यामुळे भरतीच्या फॉर्मवर पालकाची सही लागते. ह्यांचा हात थरथरतो, म्हणून ती माझ्याकडे आली आहे. आपलं उत्तर येईपर्यंत मी सही करणार नाही. मुलगा माझ्याशी बोलत नाही.

एका माजी सैनिकाची पत्नी,
ता. जि. रत्नागिरी