धडधड गोळीची की मनाची?

मानसोपचारतज्ज्ञांनी लिहून दिलेली गोळी सुरू होऊन आठ-दहा दिवस झालेले असतात. झोप जरा लागू लागलेली असते, घरच्यांच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा उतरलेला असतो. आणि एका रात्री छातीत धडधड सुरू होते. जिना चढलेला नाही, कोणाशी भांडण नाही, तरी हृदय धावत सुटल्यासारखे वाटते. सकाळी अंथरुणातून उठून उभे राहिले की पुन्हा तेच. घरात कोणी म्हणते, ‘औषध गरम पडलं असेल.’ कोणी म्हणते, ‘या गोळ्यांनी हार्ट खराब होतं, बंद कर.’ रुग्ण वाद घालत नाही. गोळ्यांची पट्टी कपाटात मागे सरकते, पुढच्या तपासणीची तारीख चुकते आणि काही आठवड्यांत जुना आजार पुन्हा डोके वर काढतो.

हे चित्र कोणा एका घराचे नाही. मनोविकारांवरील अनेक औषधांनी हृदयाचे ठोके वाढतात, ही वैद्यकशास्त्राला चांगली ठाऊक असलेली गोष्ट आहे. ती बहुतेक वेळा आटोक्यात ठेवता येते. तरीही रुग्णाला ती आधी कोणी सांगितलेली नसते. आणि त्याने तक्रार केलीच, तर ‘हे तुझ्या मनाचे खेळ आहेत’ असे ऐकावे लागते. मनाच्या आजाराचा शिक्का बसला की शरीराचे दुखणेही मनाच्याच खात्यावर जमा होते. हा अन्याय तर आहेच, शिवाय तो धोकादायकही आहे.

ठोके का वाढतात, हे समजून घ्यायचे तर शंभर वर्षे मागे जावे लागेल. १९२१ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझ येथे ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने बेडकाची दोन हृदये घेतली. एका हृदयाच्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूला त्यांनी विजेने उत्तेजित केले, तसे त्याचे ठोके मंदावले. मग त्या हृदयाभोवतीचा द्रव त्यांनी दुसऱ्या हृदयाला दिला. त्या हृदयाच्या मज्जातंतूला हातही लावलेला नव्हता, तरी तेही मंदावले. मज्जातंतू एका रसायनाच्या मार्फत हृदयाला आवर घालतात, हे त्यातून सिद्ध झाले. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. या संशोधनासाठी लोवी यांना १९३६ चे नोबेल पारितोषिक हेन्री डेल यांच्यासमवेत मिळाले.

व्हेगस हा हृदयाचा ब्रेक आहे. आपण शांत बसलेलो असतो तेव्हा तो हलकेच दाबलेला असतो. नैराश्यावरचे ॲमिट्रिप्टिलिन, स्किझोफ्रेनियावरचे क्लोझापिन, तसेच हातापायांचा ताठरपणा आणि थरथर कमी व्हावी म्हणून जोडीला दिले जाणारे ट्रायहेक्सिफेनिडिल ही औषधे ॲसिटिलकोलीनचे काम अडवतात. त्यामुळे ब्रेक सैल पडतो आणि ठोके वाढतात. याच कारणाने तोंड कोरडे पडते आणि बद्धकोष्ठही होते. क्लोझापिन, क्वेटियापिन यांसारखी काही औषधे रक्तवाहिन्या सैल करतात. अशा वेळी झटकन उभे राहिले की रक्तदाब खाली येतो आणि तो सावरण्यासाठी हृदय वेग वाढवते. तिसरा गट नॉरॲड्रेनॅलिन वाढवणाऱ्या औषधांचा. व्हेनलाफॅक्सिन, तसेच एकाग्रतेच्या विकारावरची ॲटोमॉक्सेटिन आणि मिथाइलफेनिडेट ही औषधे त्यात येतात. ही ब्रेक सैल करत नाहीत, तर ॲक्सिलरेटर थोडा दाबतात.

म्हणजे ही धडधड हृदय ‘खराब’ झाल्याची खूण असतेच असे नाही. क्लोझापिन घेणाऱ्यांपैकी साधारण चारांतल्या एकाला हा त्रास होतो. त्यांचे ठोके सरासरी मिनिटाला दहा ते पंधराने वाढतात, आणि हा त्रास विशेषतः सुरुवातीच्या आठवड्यांत, मात्रा वाढवली जात असताना जाणवतो. अनेकांच्या बाबतीत शरीर हळूहळू जुळवून घेते. काहींचे ठोके मात्र वाढलेलेच राहतात. ते महिनोन्महिने तसेच सोडणे योग्य नाही, कारण सतत धावणाऱ्या हृदयावर ताण येतो.

मग करायचे काय? पहिले काम नाडी मोजण्याचे. पाच मिनिटे शांत बसा. अंगठ्याला स्वतःचा ठोका असतो, म्हणून तो न वापरता तर्जनी आणि मधले बोट मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला ठेवा. घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजा. प्रौढ माणसाच्या नाडीचे ठोके विश्रांतीत मिनिटाला ६० ते १०० असतात. सकाळी आणि रात्री, ठरलेल्या वेळी मोजून आठवडाभर वहीत लिहा. गोळी कधी घेतली, मात्रा कधी वाढली, उभे राहिल्यावर चक्कर आली का, हेही शेजारी नोंदवा. दर दहा मिनिटांनी मात्र नाडी चाचपू नये, कारण त्या काळजीनेच ठोके वाढतात.

‘धडधडतं’ एवढ्या एका शब्दावरून डॉक्टरांना फार काही कळत नाही, पण ही वही पुष्कळ सांगते. घबराटीच्या झटक्यातली धडधड काही मिनिटांत शिगेला पोहोचते आणि बहुधा अर्ध्या-पाऊण तासात ओसरते. औषधाची धडधड मन शांत असतानाही रेंगाळते आणि गोळी सुरू झाल्यापासून किंवा मात्रा वाढल्यापासून लागलेली असते. ही ढोबळ खूण आहे. खात्री डॉक्टरांनीच करायची, आणि त्यासाठी ईसीजी लागू शकतो. एस्सिटालोप्रॅमसारखी काही औषधे ठोके फारसे वाढवत नसली, तरी जास्त मात्रेत हृदयाच्या विद्युत लयीवर परिणाम करू शकतात. तो परिणाम बोटांना कळत नाही, ईसीजीत दिसतो.

प्रत्येक धडधडीचा दोष गोळीच्या माथी मारणेही बरोबर नाही. रक्तातील हिमोग्लोबिन कमी असणे, थायरॉइडचा विकार, ताप, जुलाब, उन्हाळ्यात पाणी कमी पडणे, कडक उपवास या सर्वांनी नाडी वाढते. दिवसातून सहा कप चहा, सर्दीच्या काही गोळ्या आणि दम्याचा पंप यांचाही त्यात वाटा असतो. म्हणून आपण घेत असलेली सगळी औषधे, आयुर्वेदिक आणि दुकानातून परस्पर आणलेलीही, डॉक्टरांसमोर ठेवावीत. क्लोझापिन घेणाऱ्याने धूम्रपान सोडायचे ठरवले, तर ते आधी डॉक्टरांना सांगावे. धूर बंद झाला की रक्तातील क्लोझापिनचे प्रमाण वाढते आणि मात्रा कमी करावी लागू शकते. सिगारेट सोडू नये असा याचा अर्थ नाही. सोडताना सांगावे, इतकेच.

घरी करण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. पाणी पुरेसे प्यावे. अंथरुणातून उठताना आधी कडेला मिनिटभर बसावे, मग उभे राहावे. चहा-कॉफी बेताने घ्यावी. रोज थोडे चालावे. बाकीचे काम डॉक्टरांचे आहे. मात्रा सावकाश वाढवणे, ती विभागून देणे, औषध बदलणे किंवा ठोके आवरणारे बीटा ब्लॉकर देणे असे अनेक मार्ग त्यांच्याकडे असतात. शेजाऱ्याच्या डब्यातली प्रोप्रॅनोलॉल आपण होऊन घेणे हा त्यांतला मार्ग नव्हे. दमा असलेल्याला ती गोळी घातक ठरू शकते.

काही वेळा मात्र वही बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठले पाहिजे. छातीत दुखणे, धाप लागणे, बेशुद्ध पडणे, ठोके अगदी अनियमित होणे किंवा शांत बसूनही नाडी १२० च्या वर राहणे, यांपैकी काहीही झाले तर थांबू नये. क्लोझापिन सुरू केल्यापासूनच्या पहिल्या दोन महिन्यांत धडधडीबरोबर ताप किंवा छातीत दुखणे आले, तर हृदयाच्या स्नायूला सूज आल्याची शक्यता असते. ती क्वचित येते, पण जिवावर बेतू शकते. मनोविकाराच्या औषधांवर असताना खूप ताप, अंग लाकडासारखे ताठ होणे आणि भ्रम ही लक्षणे एकत्र दिसली, तर तीही आणीबाणीच समजावी. १०८ वर फोन करावा आणि सगळ्या गोळ्या सोबत न्याव्यात.

अशी आणीबाणी नसेल, तर गोळी परस्पर बंद करू नये. नैराश्यावरची आणि झोपेची-चिंतेची काही औषधे एकदम थांबवली की त्या थांबवण्यानेच धडधड, घाम आणि अस्वस्थता सुरू होते. रुग्णाला वाटते, गोळी सोडूनही तिचा त्रास गेला नाही. क्लोझापिन अचानक सुटले तर आजार वेगाने उलटू शकतो. दोन दिवसांहून अधिक खंड पडला, तर नेहमीची मात्रा लगेच घेता येत नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली पुन्हा अगदी थोड्या मात्रेपासून सुरुवात करावी लागते. शिवाय उलटलेल्या आजारात नोकरी जाते, घर विस्कटते, कधी जीवही जातो. वेगाने चालणाऱ्या नाडीपेक्षा हा धोका अनेकदा मोठा असतो.

आता प्रश्न उरतो जबाबदारीचा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २२ नुसार प्रस्तावित उपचारांची आणि त्यांच्या ज्ञात दुष्परिणामांची माहिती मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे. तरी गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णाच्या वाट्याला जेमतेम काही मिनिटे येतात आणि त्यांत दुष्परिणामांचा विषय सहसा निघतच नाही. सांगितले तर रुग्ण घाबरून गोळी घेणार नाही, अशी भीती काही डॉक्टरांना वाटते. पण न सांगितलेली धडधड मध्यरात्री एकट्याने अनुभवणारा रुग्णच गोळी सोडतो. ‘पहिले काही दिवस ठोके वाढतील, नाडी अशी मोजा, इतकी झाली तर फोन करा’ ही तीन वाक्ये बोलायला अर्धा मिनिट लागतो. औषध सुरू करताना नाडी, रक्तदाब आणि गरजेप्रमाणे ईसीजी यांची नोंद झाली, तर नंतर तुलनेला आधार मिळतो.

रुग्णांनाही काही दारे खुली आहेत. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद कोणीही भारतीय औषध सतर्कता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर करू शकतो. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर उपलब्ध आहे. गावात मानसोपचारतज्ज्ञ नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन नाडी आणि रक्तदाब तपासून घेता येतो.

धडधड गोळीची की मनाची, हा वाद घरात बसून सुटणार नाही. दोन्ही खऱ्या असतात, दोन्ही मोजता येतात आणि दोन्हींवर उपाय आहेत. पुढच्या वेळी घरातले कोणी छातीवर हात ठेवून ‘धडधडतंय’ म्हणाले, तर त्याला ‘काही नाही, विचार करू नकोस’ असे सांगू नका. शेजारी बसा, त्याचा हात हातात घ्या आणि घड्याळाकडे बघत एक मिनिट मोजा.