मेटांवरची माणसे उत्खननात कधी येणार?

रायगडाच्या उत्खननात 2021 साली सोन्याची बांगडी सापडली. 2025 मध्ये यंत्रराज सापडला, म्हणजे तारे पाहून वेळ आणि दिशा काढायचे उपकरण. दोन्ही वेळा दिवसभर आपल्या ग्रुपवर तेच फिरत होते, आणि फिरायलाच हवे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि रायगड विकास प्राधिकरण तिथले वाड्यांचे अवशेष मोकळे करत आहेत, या कामाला माझा विरोध नाही. माझा प्रश्न एवढाच की गड राखणारी माणसे राहत कुठे होती, आणि त्यांच्या चुली कोण शोधणार?

ग्रँट डफने 1826 च्या आपल्या इतिहासात गडकऱ्यांच्या जाती सांगितल्या आहेत. ब्राह्मण, मराठे, रामोशी, महार, मांग. त्यात बाहेरच्या चौक्यांचे काम रामोश्यांकडे आणि त्याने 'खालच्या' म्हटलेल्या जातींकडे होते. पोटाला गडाजवळच्या जमिनी, त्याही वंशपरंपरेने. गडाच्या उतारावरच्या या चौक्या म्हणजे मेटे. शत्रू आला तर पहिला वार मेटावर पडायचा. सदर, राजवाडा, बाजारपेठ वर, मेट खाली. एकाच गडाच्या नकाशात जात अशी दिसते.

वस्ती गावाबाहेर का, हा प्रश्न बाबासाहेबांनी 1948 च्या 'द अनटचेबल्स' मध्ये घेतला. पराभूत, पांगलेल्या टोळ्यांची माणसे गावाच्या कडेला राखणीसाठी वसवली गेली, अशी मांडणी त्यांनी केली. पुरावा तुटतो तिथे आपण तर्काने दुवा जोडतोय, हेही त्यांनी लपवले नाही. मेट आणि बालेकिल्ला यांच्यातले अंतर, घरांचा आकार, पाण्याची सोय, खाल्लेल्या जनावरांची हाडे ही सगळी त्या प्रश्नाला भिडणारी सामग्री आहे. काळ वेगळा आहे, त्यामुळे ती मांडणी थेट सिद्ध किंवा खोटी ठरणार नाही. पण सतराव्या शतकात काय होते ते तरी कळेल.

हे जमत नाही असे कोणी सांगू नये. आपल्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 ते 1982 खोदकाम केले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या त्या गावात कुंभाराचे घर कुठले, प्रमुखाचे पाच खोल्यांचे घर कुठले आणि धान्याचे कोठार कोणाच्या शेजारी, हे त्यांनी मातीतून काढले. तिथे ना राजा होता ना राज्याभिषेक. तरी वर्षानुवर्षे चिकाटीने खणले.

आता आपल्या बाजूचे. कुठलाही गड दिसला की 'हा मुळात विहारच होता' अशी पोस्ट टाकायची सवय आपल्या पोरांना लागली आहे. शिवनेरीच्या कड्यात साठच्या आसपास बौद्ध लेणी आहेत, तिथे हे ठासून सांगा. जुन्नरच्या लेखांत इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी, म्हणजे पाण्याची टाकी, दान दिल्याची नोंद आहे. शिवजन्माच्या दीड हजार वर्षे आधीचा हा थर आहे आणि गडावरच्या फलकांवर त्याला ठळक जागा मिळालीच पाहिजे, आता तर शिवनेरी जागतिक वारशात गेला आहे. पण लोहगडाच्या लेण्यातला ब्राह्मी लेख अरिहंतांना वंदन करून सुरू होतो. तो जैन आहे. तो आपला नाही म्हणून गप्प बसायचे का? मग देव बसवून लेणे ताब्यात घेणाऱ्यांना आपण कोणत्या तोंडाने बोलणार?

पुनावळ्याहून जुन्या हायवेने निघालात तर देहूरोडच्या पुढे शेलारवाडीची लेणी लागतात. लोक त्यांना घोरावडेश्वर म्हणतात. तिथल्या लेखात एका नांगरट्याची बायको, सियागुतनिका, मुलासह लेणे दान देते. तिचे नाव आज आपल्याला माहीत आहे ते दगडात कोरले गेले म्हणून. मेटावरच्या महार-रामोश्याने काही कोरले नाही. त्याची फुटकी मडकी, जाते आणि राख एवढाच त्याचा लेख, आणि तो कुदळीशिवाय वाचता येत नाही. रस्ता रुंद करताना, पार्किंग सपाट करताना जेसीबीने तो एका दुपारी पुसला जातो. पुनावळ्यात आपण हे पाहतोच आहोत. शेते जाऊन टॉवर आले. जुनी वस्ती नेमकी कुठे होती, हे आता म्हाताऱ्यांनाच विचारावे लागते.

डिसेंबर 1927 च्या महाड परिषदेनंतर बाबासाहेब स्वतः रायगड पाहायला गेले होते. गडावर आपला हक्क आहे की नाही, यावर वेळ घालवण्याची गरज नाही.

कामाचे बोलू. माहिती अधिकारात तीन गोष्टी मागायच्या: रायगडाच्या घेऱ्यातल्या मेटांचे सर्वेक्षण झाले आहे का, आतापर्यंतच्या हंगामांचे उत्खनन अहवाल कुठे आहेत, आणि ते मराठीत कधी येणार. पाचाड, रायगडवाडीतल्या म्हाताऱ्यांकडून मेटांच्या जागा, शेतांची नावे, इनामाच्या आठवणी लिहून घ्यायच्या. फोटो काढा, जागा लिहा. खापर मात्र उचलून खिशात घालू नका. जागेवरून हलले की त्याचा पुरावा म्हणून निम्मा जीव जातो. अर्जाचा मसुदा ज्यांना हवा त्यांनी कळवा, पुढच्या रविवारी बसून पक्का करू.

जय भीम.